घरखर्च कमी करण्याचा सहा महिन्यांचा प्रकल्प : नोंदी, जानेवारी ते जून २०२५

१ जानेवारी २०२५, बुधवार

आमच्या घरात पाच माणसे आहेत : आम्ही दोघे नोकरी करणारे, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. घर नाशिकला पंचवटीत, स्वतःचे आहे आणि त्याचे हप्ते फिटलेले आहेत. दोन पगार येऊनही गेल्या वर्षभर महिन्याच्या वीस तारखेनंतर खात्यातली शिल्लक पाहून मगच बाजाराची पिशवी हातात घ्यावी लागत होती आणि पैसे नेमके कुठे गेले हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून आजपासून तीस जूनपर्यंत घरखर्चाची रोजची नोंद ठेवायची, आधी मोजायचे आणि मगच काय कमी करायचे ते ठरवायचे, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे.

वही स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला सुतळीने टांगली आहे आणि तिलाच पेन्सिल बांधली आहे. ज्याने खर्च केला त्याने त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने लिहायचे. मोबाइलवरून दिलेले पैसेही यातून सुटणार नाहीत. दूध, भाजी, फळे, औषधे आणि मुलांची पुस्तके यांना हात लावायचा नाही, कारण तोंडचा घास काढून केलेली बचत मला मान्य नाही.

वहीत रकमेच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखला आहे आणि त्याला ‘हात’ असे नाव दिले आहे. कोणत्याही बचतीसाठी घरातल्या कोणाचे किती श्रम आणि किती वेळ लागला ते त्यात लिहायचे आहे. माझ्या आईने जन्मभर काटकसर केली आणि त्याबद्दल नातेवाइकांत तिचे नावही झाले, पण ती काटकसर पहाटे साडेचारला उठून होत होती हे कोणीही कधी हिशेबात धरले नाही. ती चूक माझ्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी हा रकाना आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

जानेवारीची बेरीज आज लागली. शाळेची फी आणि विम्याचा हप्ता सोडून एकूण खर्च ४७,२५० रुपये झाला आणि त्यांपैकी खाण्यापिण्यावर १८,९०० रुपये, म्हणजे ४० टक्के गेले. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी भागात माणशी महिन्याला सरासरी ६,९९६ रुपये खर्च आढळला आहे आणि त्यातही खाण्याचा वाटा जवळजवळ ४० टक्केच आहे. त्या हिशेबाने पाच माणसांचे ३४,९८० रुपये होतात. आमची आणि त्या पाहणीची मोजण्याची रीत एक नसल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरीही आमचा खर्च सरासरीच्या बराच वर आहे एवढे तिच्यावरून नक्की कळते.

खाण्याचे १८,९०० रुपये फोडून पाहिल्यावर मात्र मी बराच वेळ वही हातात धरून बसले. त्यातले ६,३०० रुपये, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, बाहेरून मागवलेल्या जेवणाचे आणि पुडीबंद खाऊचे होते. ज्या धान्य-भाजीच्या भावाबद्दल आम्ही रोज बोलतो, तिथे फारसे काही वाहून जात नव्हते.

दुसरी गोष्ट लहान रकमांची. महिन्यातल्या २१४ नोंदींपैकी १३१ नोंदी शंभर रुपयांच्या आतल्या आहेत आणि त्यांची बेरीज ५,७६० रुपये होते. पूर्वी खिशातली नोट मोडताना क्षणभर विचार व्हायचा. आता कोड दाखवून चाळीस रुपये देताना तेवढाही थांबा उरलेला नाही.

तिसरी गोष्ट फोनच्या रिचार्जची आहे. कंपन्यांचा ‘महिना’ २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात, आणि घरात चार फोन आहेत. सासूबाईंना फोनवर फक्त बोलायचे असते. त्यांच्यासाठी नव्याने आलेला, इंटरनेट नसलेला, केवळ बोलण्याचा आणि संदेशांचा रिचार्ज आज भरला. इतर तीन फोनांचे रिचार्ज मुदत संपल्यावर ८४ दिवसांचे करायचे आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर मुलाने रोज रात्री दहा वाजता आणि सकाळी सहा वाजता विजेच्या मीटरचा आकडा वहीत उतरवला, आणि मध्ये गिझर चालू करण्याआधी आणि बंद केल्यानंतरचे आकडेही घेतले. या दिवसांत नाशिकच्या टाकीतले पाणी सकाळी बर्फासारखे असते, त्यामुळे गिझर हाच आमचा सर्वांत मोठा ग्राहक निघाला. त्याचा रोजचा खर्च ३.८ युनिट होता.

हिशेब करून पाहिला तेव्हा फरक दिसला. पंधरा लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.४२ युनिट वीज लागते, म्हणजे पाच बादल्यांना २.१ युनिट पुरायला हवे. उरलेले १.७ युनिट आम्ही टाकीत उगाच कढत ठेवलेल्या पाण्यात, नळीत राहून थंड होणाऱ्या पाण्यात आणि दोन आंघोळींमधल्या अर्ध्या-अर्ध्या तासात घालवत होतो. गिझरची तापमानाची खूण ५० अंशांवर आणली, आंघोळी एकामागोमाग एक लावल्या आणि शेवटच्याने बटण बंद करायचे ठरवले. आता रोज २.६ युनिट लागतात. महिन्याला ३६ युनिट वाचले आणि ‘हात’ या रकान्यात लिहिण्यासारखे काहीही नाही, म्हणून या बचतीला मी सर्वांत वरचा क्रमांक दिला आहे.

इथे एक गैरसमज दूर करून ठेवते, कारण आमच्याकडे त्यावरून वाद झाला होता. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. आकडा ३०० च्या वर गेला की संपूर्ण बिल चढ्या दराने लागते, असे ह्यांना वाटत होते. तसे नसते; फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. पण आमचे जानेवारीचे बिल ३२६ युनिटांचे होते, तेव्हा वाचलेल्या ३६ पैकी २६ युनिट नेमके त्या महागड्या टप्प्यातले आहेत.

टीव्हीचा डबा बंद असतानाही हाताला कोमट लागतो. तो आता भिंतीवरच्या बटणानेच बंद करतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

गॅसचे सिलिंडर आमच्याकडे सरासरी २७ दिवस पुरत होते. ते दारातच वजन करून घेण्याची सवय आता लावून घेतली आहे. सिलिंडरच्या कड्यापाशी त्याचे रिकामे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेले वजन येते. पोचवणाऱ्या मुलाने काटा काढून दिला आणि वजन बरोबर भरले.

खरी गळती चुलीपाशीच सापडली. कुकरची रबरी रिंग सैल झाली होती आणि शिटी धरण्याआधी पाच-सहा मिनिटे झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत जात होती. ती मला रोज ऐकू येत होती, पण कुकरचा आवाज असाच असतो असे मी धरून चालले होते. नवी रिंग बसवल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात इतकी शांतता झाली की सासूबाईंनी बाहेरून विचारले, “अगं, कुकर लावलास की विसरलीस?” शिटीही लवकर झाली.

एक शिटी झाली की आच अगदी बारीक करायची हे त्यांचेच शिकवणे. आत दाब धरला की तापमान १०० अंशांच्या वर, साधारण १२० अंशांपर्यंत चढते आणि ते टिकवायला मंद आच पुरते. त्यानंतर मोठ्या आचेने शिट्या होत राहतात, डाळ काही लवकर शिजत नाही. उघड्या पातेल्याबद्दलही त्यांचे म्हणणे तेच असते : “उकळी फुटल्यावर गॅस कशाला भडकवतेस? पाणी त्याहून जास्त तापत नाही.” तूरडाळ अर्धा तास आणि छोले-राजमा रात्रभर भिजवणे, वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरच्या तीन भांड्यांत लावणे, आणि ज्वाळा पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ न देणे, एवढेच बदल केले आहेत. चालू सिलिंडरची तारीख भिंतीवर खडूने लिहिली आहे.

२ मार्च, रविवार

आजची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाहेरून जेवण मागवल्याच्या दोन महिन्यांतल्या सगळ्या तारखा मुलीने कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल करून दाखवल्या आणि सतरापैकी चौदा गोल मंगळवार आणि शुक्रवार या दोनच रांगांत आले. हे दोन वार माझे सातपूरच्या कार्यालयातून आठनंतर घरी पोचण्याचे आहेत. आजवर आम्ही या खर्चाला मुलांचे चोचले म्हणत आलो होतो. वही सांगते की तो माझ्या थकव्याचा खर्च आहे.

त्यामुळे ‘आता बाहेरचे बंद’ असे फर्मान काढून काहीही झाले नसते, किंवा झाले असते ते इतकेच की मी रात्री साडेआठला ओट्यापाशी उभी राहिले असते आणि बचतीच्या रकान्यात अडीच हजार रुपये दिसले असते. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा स्वयंपाक ह्यांनी करायचा असे ठरले. ह्यांना तीन पदार्थ येतात : पिठले-भात, मुगाची खिचडी आणि अंड्याची आमटी. ते पुरेसे आहेत. परवा, पहिल्याच शुक्रवारी, पिठल्यात गुठळ्या झाल्या, तेव्हा सासूबाईंनी मुलाला शेजारी उभे करून पीठ आधी पाण्यात कालवून मग फोडणीत कसे ओतायचे ते दोघांनाही एकदमच शिकवले.

१६ मार्च, रविवार

नुकसानीची नोंदही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी. गेल्या महिन्यात एका मोठ्या दुकानात एकावर एक फुकट म्हणून मी रव्याच्या सहा पुड्या आणल्या. आमच्याकडे महिन्याला किलोभर रवा लागतो. आज तिसरी पुडी उघडली तर रव्याला जाळी धरली होती, आणि बाकीच्या पुड्यांतही तीच गत होती. चाळून, निवडून, ऊन देऊन वाचवण्याचा विचार मनात आला, पण चाळणीवर अळ्या वळवळताना पाहिल्यावर तो सोडला. जे लागत नाही ते अर्ध्या किमतीत आणले, की ती अर्धी किंमत पूर्णच वाया जाते.

त्याच फेरीतली दुसरी शिकवण तेलाची. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्या सारख्याच दिसत होत्या आणि एक बारा रुपयांनी स्वस्त होती; उलटून पाहिले तर एकीत ९१० ग्रॅम तेल होते आणि स्वस्त दिसणारीत ८४० ग्रॅम. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे दुसरी पिशवी लिटरची नव्हतीच. वेष्टनावर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे पडणारी किंमत छापलेली असते. ती बारीक अक्षरात असते, पण मुलांना ती वाचण्याची गोडी लागली आहे, आणि बाजारात हे काम आता त्यांच्याकडेच आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांवर महिन्याला १,८४० रुपये जात होते. औषधे कमी करायची नाहीत हा नियम पाळूनच आम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारले, आणि त्यांनी व्यापारी नावांऐवजी मूळ औषधांची नावे आणि मात्रा लिहून दिली. जनऔषधी केंद्रात चारपैकी तीन औषधे त्याच मात्रेत मिळाली, चौथे नेहमीच्या दुकानातूनच घेतो. आता ६१० रुपये लागतात. पहिले पंधरा दिवस रक्तदाब रोज मोजून वहीत लिहिला, कारण या एका बाबतीत पैशापेक्षा खात्री मोठी आहे. आकडे पूर्वीसारखेच आहेत.

१३ एप्रिल, रविवार

आठ तारखेपासून घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागले. आमचे चालू सिलिंडर ३४ दिवस पुरले, त्यामुळे वाढलेला भाव अंगावर आला नाही.

काल आणि आज वर्षाचा गहू भरला. लोकवन, दोन क्विंटल, ३४ रुपये किलो. गिरणीत दळणाचे किलोला सहा रुपये धरले तर पीठ चाळीस रुपयांना पडते. आम्ही आणत होतो ते पुडीबंद पीठ ५२ रुपयांचे आहे. म्हणजे वर्षाला २,४०० रुपयांचा फरक पडतो आणि त्यातून एरंडेल आणि हमाली यांचे ३०० वजा जातात. गहू चाळणे, निवडणे, गच्चीवर ऊन देणे, हाताला तकाकी येईल इतपत एरंडेल चोळणे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरणे, याला चार माणसांचे मिळून छत्तीस तास लागले. तासाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत, हे मी कोणापासूनही लपवणार नाही. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा भरायचा, असे सर्वांचे मत पडले, कारण पोळी मऊ राहते आणि छत्तीस तासांत माझे स्वतःचे नऊच होते. पोती उचलणे, चाळणे आणि पसरणे ह्यांनी आणि मुलाने केले.

ऊन दिलेला गहू तापलेला असताना कोठीत भरायचा नाही, नाहीतर त्याला आतून घाम सुटतो. तो रात्रभर पसरून गार होऊ द्यावा लागतो.

११ मे, रविवार

या नोंदीला वेळ लागणार आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निफाडकडून पन्नास किलो उन्हाळी कांदा १८ रुपयांनी आणला होता. रब्बीचा हा कांदा टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, आणि पावसाळा सरताना जुना कांदा संपत येतो व नवा यायचा असतो तेव्हा भाव चढतात, हे लासलगावच्या एवढ्या जवळ राहून लहानपणापासून पाहिले आहे. कांदा जिन्याखाली जुन्या बाजेवर एका थरात पसरला आहे, म्हणजे खालून-वरून वारा लागतो. दर रविवारी मुलगी तो हाताने चाचपते आणि मानेशी मऊ पडलेला किंवा कोंब फुटलेला आधी वापरायला काढते.

कुरडयांच्या बाबतीत मात्र नशीब फिरले. सासूबाईंनी चार किलो गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला आणि तो रात्रभर निवळत ठेवला. बुधवारी पहाटे पाचला मोठ्या पातेल्यात चीक शिजवला आणि दोन शेजारणींनी सोऱ्याने गच्चीवर कुरडया घातल्या. दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ दाटले आणि कोणी जिना चढेपर्यंत वादळी पाऊस कोसळला. मी घरी आले तेव्हा प्लास्टिकवर पांढरी पेज वाहत होती आणि कुरडयांच्या जाळीचा एकेक धागा पाण्यात सुटून विरघळत होता. सासूबाई कठड्याला टेकून काही न बोलता पाहत होत्या. त्याच आठवड्यात जिल्ह्यात शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला, तेव्हा आमचे नुकसान ते काय, पण चार दिवसांचे श्रम डोळ्यांसमोर वाहून गेले.

रात्री वहीत लिहिताना रकमेच्या रकान्यात फक्त २६० रुपये आले. ‘हात’ या रकान्यात सासूबाईंचे अकरा तास आणि शेजारणींचे सहा. ते आकडे दाखवून मी म्हणाले, “आई, पुढच्या वर्षी बचत गटाच्या बायकांकडून विकत घेऊ. तुम्ही पंचाहत्तरीत एवढे राबू नका.” त्यांनी चष्मा लावून तो रकाना वाचला आणि म्हणाल्या, “तू माझे हात मोजलेस, हे बरे केलेस. पण कुरडया पैसे वाचवायला कोण घालतं? वर्षातून एकदा दोघी-तिघी माझ्या गच्चीवर येतात, हसतात-बोलतात. ते कुठल्या रकान्यात लिहिलेस?”

मला उत्तर देता आले नाही. श्रम मोजायलाच हवेत हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही, पण सगळे श्रम एकाच मापाने मोजता येत नाहीत हे त्यांचे म्हणणेही खरे आहे. यापुढे ‘हात’ रकान्यात मी श्रम करणाऱ्यालाच विचारून एक खूण करणार आहे : काम ओझे वाटले तर फुली, हवेसे वाटले तर टिंब.

१५ जून, रविवार

उद्या शाळा सुरू होते. मुलाच्या नववीच्या पुस्तकांचा संच गल्लीतल्या एका मुलीला दिला आणि दहावीचा संच दुसऱ्या घरातून मिळाला. जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून मुलाने दाभणाने शिवली. कच्च्या कामासाठी पाच जाड वह्या झाल्या. स्वतःहून टिंब केले.

मे महिन्यात माझे माहेरी दोनदा जाणे झाले. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकीट अर्धे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, म्हणून या वेळी मोटारीने न जाता सासूबाईंना घेऊन एसटीनेच गेले.

३० जून, सोमवार

जूनचा खर्च, त्याच बाबी धरून, ३९,४१० रुपये झाला. जानेवारीच्या मानाने ७,८४० रुपये कमी. बाहेरचे जेवण आणि पुडीबंद खाऊ ६,३०० वरून ३,६५० वर आला, औषधांत १,२३० वाचले, आणि शंभराच्या आतल्या नोंदी १३१ वरून ७८ झाल्या, त्यासाठी कोणालाही काही सांगावे लागले नाही. लिहावे लागते म्हणूनच कमी झाल्या असाव्यात. दूध, भाजी आणि फळांचा खर्च ४२० रुपयांनी वाढला आहे आणि तो तसाच राहणार आहे.

‘हात’ रकान्याची बेरीज : माझे आठवड्याचे घरकाम जानेवारीपेक्षा दोन तासांनी कमी, ह्यांचे पाच तासांनी जास्त, मुलाचे तीन तासांनी जास्त. फुल्या सगळ्यांत जास्त ह्यांच्या नावावर आहेत. म्हणून जुलैपासून शुक्रवारचा स्वयंपाक मुलगा करणार आहे. खिचडी त्याला जमते.

पोस्टात दरमहा ६,००० रुपयांचे पाच वर्षांचे आवर्ती खाते आज उघडले, व्याज ६.७ टक्के. उरलेले हातात राहू दिले आहेत. वही संपली, नवी वही मुलाने शिवलेल्यांपैकीच आहे, आणि तिच्यात तिसरा रकाना आखून त्याच्या डोक्यावर काय लिहायचे ते सासूबाईंवर सोपवले आहे. त्यांनी अजून काही लिहिलेले नाही.